पाचला उठता, पण ती पिशवी उघडत नाही

प्रश्न (पत्राचा सारांश, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

मी ४३ वर्षांचा आहे. नागपुरात प्रतापनगर भागात वडिलांनी बांधलेल्या घरात आई, बायको आणि दोन मुलांसोबत राहतो. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर बघतो. गेलं वर्षभर स्वतःला शिस्त लावायचा प्रयत्न करतोय. पहाटे पाचला उठतो, अंबाझरीला चालायला जातो, रात्री दहा पानं वाचतो. मोबाइलमध्ये सवयींचं ॲप आहे, त्यात रोज हिरव्या खुणा होतात. पण महत्त्वाची कामं जिथल्या तिथे आहेत. बाबा जाऊन अडीच वर्षं झाली. त्यांच्या कागदांची पिशवी दिवाणात पडून आहे. घर अजून त्यांच्याच नावावर, बँकेचं खातं तसंच. घर टॅक्सची डिमांड त्यांच्या नावानं येते आणि दोन वर्षं मी ती भरलेली नाही. डॉक्टरांनी शुगर तपासायला सांगितली होती, तीही राहिली. बाबांना शुगरच होती. पैसे भरून एक्सेलचा ऑनलाइन कोर्स घेतला, तो दोन धड्यांवर थांबलाय. आई आठ-पंधरा दिवसांनी विचारते, "झालं का बाबू ते काम?" मी म्हणतो, "करतो न." आता मला त्या प्रश्नाचीच धास्ती बसली आहे. बायको म्हणते मी करते, पण मुलगा म्हणून हे काम माझंच आहे. ताई अमरावतीला असते, तिच्या संसारात. ऑफिसात माझं काम कधी अडत नाही. मग घरीच मी इतका आळशी का? आणखी कोणती सवय लावू म्हणजे हे सुटेल?

उत्तर:

नमस्कार.

तुम्ही आळशी आहात असं मला वाटत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाही. स्टोअरची आवक-जावक, महिनाअखेरचा स्टॉक, सगळं तुमच्या हातून वेळेवर होतं. घरचीही सगळी कामं काही अडलेली नसणार. मार्च सरत आला की नागपुरात घरोघरी कूलर निघतात, तुमच्याकडेही निघत असेल. तो पत्र्याचा जड डबा ओढून काढायचा, गेल्या वर्षीचं कुजकं गवत उपसायचं, टाकीचा गंज घासायचा, पंपातला गाळ काढायचा, नव्या ताट्या बसवायच्या. अर्धी सकाळ जाते, अंगभर धूळ बसते, एखादा पत्रा हाताला लागतो. तरी ऊन तापायच्या आत ते काम होतंच. हे सगळं करणाऱ्या माणसाला दिवाणातली एक पिशवी जड जाते. दोन्हींत मेहनत कुठे जास्त आहे ते तुम्हीच सांगा. तेव्हा अडचण मेहनतीची नाही आणि शिस्तीचीही नाही. कूलर काढताना मनात काही ढवळत नाही, पिशवी काढताना ढवळतं, एवढाच फरक आहे.

टिमोथी पिचिल हे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ बरीच वर्षं चालढकलीचाच अभ्यास करत आले आहेत. त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं, की काम पुढे ढकलताना माणसाचं वेळेचं गणित चुकलेलं असतं असं नाही, त्याला त्या कामासोबत येणारी नकोशी भावना चुकवायची असते. भीती, अपराधीपणा, दुःख, आपल्याला हे जमणार नाही ही शंका, यांपैकी काहीही असू शकतं. तुम्ही दिवाणाची फळी उचलता, पिशवी दिसते, पोटात कालवतं. "आज नको, रविवारी निवांत बघू" असं म्हणून फळी खाली ठेवता आणि त्याच क्षणी हायसं वाटतं. ते हायसं वाटणं हे बक्षीस आहे, आणि ज्या वागण्याला लगेच बक्षीस मिळतं ते वागणं पक्कं होत जातं. म्हणजे ॲपमध्ये कुठेही न दिसणारी एक सवय तुम्ही अडीच वर्षं जोपासली आहे. पुढच्या खेपेला फळी उचलायला हात थोडा उशिराच जातो, त्याच्या पुढच्या खेपेला जातच नाही.

तुम्ही विचारता, आणखी कोणती सवय लावू. माझं म्हणणं, तशी आणखी एक नकोच. तुम्ही लावलेल्या सवयी चांगल्या आहेत. चालणं तर अजिबात सोडू नका, त्यावर शेवटी पुन्हा बोलते. पण पाच ते सात हा तुमच्या दिवसातला सगळ्यात ताजा वेळ आहे आणि तो तुम्ही अशा गोष्टींना देता ज्या तुम्हाला मुळात जड जातच नव्हत्या. चालून आलात, खूण झाली, बरं वाटलं. त्या बऱ्या वाटण्यात पिशवीची टोचणी दिवसभर झाकली जाते. चांगल्या सवयींच्या आडही माणूस लपू शकतो. हे मी दोष द्यायला लिहीत नाही. पाचला उठणाऱ्या, व्यायाम करणाऱ्या, डायरी लिहिणाऱ्या किती तरी लोकांचं महत्त्वाचं एक काम वर्षानुवर्षं भिजत घोंगड्यासारखं पडलेलं असतं, आणि "मी एवढं सगळं करतो तरी हे का होत नाही" हे कोडं त्यांना सुटत नाही. सवय लावायचीच असेल तर टाळलेल्या कामासमोर रोज थोडा वेळ बसण्याची लावावी असं माझं ठाम मत आहे. ती लागली की पहाटे उठण्याची, वाचनाची, पैशाची शिस्त जमवायला पुष्कळ सोपं जातं. उलट्या क्रमानं ते होत नाही, आणि तुमचं वर्ष त्याला साक्षी आहे.

"निवांत बघू" म्हणताना आपण कोणत्या दिवसाची वाट पाहत असतो, तेही एकदा तपासा. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसकडे सरकतो, भर दुपारी सरकारी कार्यालयात कोण जाणार. आपल्याकडे शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटी उघडतात. मग वह्या-पुस्तकं, गणवेश, ऑटोवाल्याची सोय. पाऊस. पोळा, दुसऱ्या दिवशी मारबत, पाठोपाठ गणपती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, शहराचे रस्ते वळवलेले असतात. मग दिवाळी. डिसेंबरात अधिवेशन, "साहेब ड्यूटीवर आहेत" हे उत्तर मिळणार म्हणून आपण घरूनच निघत नाही. त्यानंतर लग्नं, परीक्षा, मार्च एंडिंग, आणि पुन्हा कूलर. यातलं एकही कारण खोटं नाही. म्हणून तर ती इतकी उपयोगी पडतात: खोट्या कारणाची स्वतःलाच शरम वाटते, खऱ्याची वाटत नाही. नागपूरच्या वर्षात निवांत महिना नाही. निवांत पंधरा मिनिटं मात्र रोज आहेत.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे येते. "ताई अमरावतीला असते, तिच्या संसारात." घराबद्दल, कागदांबद्दल, टॅक्सबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत आणि ताई एवढ्या एका ओळीत आली. माझा अंदाज चुकत असेल तर सोडून द्या. पण मला वाटतं, पिशवीचं वजन कागदांचं कमी आणि या ओळीचं जास्त आहे. घर बाबांच्या नावावरून काढायचं म्हणजे ताईचं नाव येणार. मग ती काय म्हणेल, भाऊजी काय म्हणतील, सही मागायची तर कोणत्या तोंडानं मागायची, नाही मागितली तर पुढे मुलांच्या वेळी काय होईल. हे बोलणं नको म्हणून फोन नको, फोन नको म्हणून पिशवी नको. अशा वेळी माणूस स्वतःला आळशी म्हणवून घेतो, कारण "मला बहिणीशी बोलायची भीती वाटते" हे स्वतःशी कबूल करण्यापेक्षा ते सोपं असतं.

इथे थोडी माहिती कामाला येईल. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू असेल, तर बाबांच्या स्वतःच्या कमाईच्या घरात आई, तुम्ही आणि ताई यांचा हिस्सा सारखा आहे. हे आजचं नाही, १९५६ पासून आहे. (आजी हयात असेल तर तीही वारस.) पण वारस नोंद करणं म्हणजे वाटणी करणं नव्हे. आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) बाबांच्या जागी वारसांची नावं चढतात, एवढंच. घर आहे तसं राहतं, आई जिथे झोपते तिथेच झोपते. ताईनं हक्क सोडायचा की ठेवायचा हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे. त्याला वेगळं हक्कसोडपत्र लागतं, ते रीतसर नोंदवावं लागतं, आणि तो निर्णय फक्त तिचा. माझं एक आग्रहाचं सांगणं: ती सही करेलच असं धरून चालू नका, आणि ती भांडेलच असंही धरू नका. अडीच वर्षं तुम्ही तिच्या वतीनं मनातल्या मनात दोन्ही उत्तरं देऊन झाली असतील. तिला विचारलेलं काहीच नाही.

तिला फोन करून घराविषयी बोलू नका. एवढंच म्हणा, "ताई, बाबांचे कागद लावायला घेतलेत. एखाद्या रविवारी तू पण ये न, आई आणि आपण मिळून बघू." ती सकाळी अमरावतीहून निघून संध्याकाळी परत जाऊ शकते. वारस नोंदीचं तेव्हा निघेल आणि आईसमोर निघेल, ते बरं.

बाकीच्या कामांचा बाऊही उघडून बघितल्यावर कमी होईल. थकलेल्या मालमत्ता करावर महापालिका दरमहा २ टक्के शास्ती लावते. समजा सहा हजार थकले असतील तर महिन्याला १२० रुपये वाढतात. आकडा दुखतो, पण तुम्ही मनात धरला असेल तेवढा तो भयंकर नाही. आणि टॅक्स भरायला घर तुमच्या नावावर असावं लागत नाही. बाबांच्या नावाच्या डिमांडवर जो इंडेक्स नंबर असतो तो टाकून आज रात्री ऑनलाइन भरता येतो. टॅक्सच्या नोंदीतलं नाव नंतर झोन कार्यालयात बदलून घ्या. ती नोंद मालकीचा पुरावा ठरत नाही, त्यामुळे आखीव पत्रिकेचं काम त्यानं भागत नाही. प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजचा असेल तर तिथली नोंद वेगळी बघावी लागेल, आणि आरएलचा, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचा, कागद पिशवीत आहे का तेही बघून ठेवा.

बँकेचं म्हणाल तर खात्यावर दोन वर्षं व्यवहार नसला की ते निष्क्रिय होतं, पैसे कुठे जात नाहीत. दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते, आणि तेव्हाही वारसांचा हक्क संपत नाही. अशी विसरलेली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टलही सुरू केलं. पासबुकावर आईचं नाव नॉमिनी म्हणून असेल तर मृत्यूचा दाखला, आईची ओळखपत्रं आणि दाव्याचा फॉर्म यांवर काम व्हायला हवं. एक लक्षात असू द्या: नॉमिनी पैसे स्वीकारतो, त्यावरचा हक्क सगळ्या वारसांचा राहतो.

मग सुरुवात कशी करायची? उद्या सकाळी अंबाझरीहून आल्यावर, चहाचा कप ठेवला की आंघोळीच्या आधी, पंधरा मिनिटं. वेळ आणि जागा इतकी नेमकी सांगते आहे त्याला कारण आहे. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं दाखवलंय की "हे काम करीन" असं ठरवणाऱ्यापेक्षा "अमुक झालं की तमुक ठिकाणी बसून हे करीन" असं ठरवणाऱ्याच्या हातून काम होण्याची शक्यता बरीच जास्त असते. कारण त्या क्षणी करू की नको हा वाद घालायला मनाला जागाच राहत नाही. तुमच्याकडे चालण्याची पक्की सवय आधीच आहे. तिच्या शेपटीला हे बांधा.

पहिल्या दिवशी फरशीवर वर्तमानपत्र पसरा आणि पिशवी त्यावर ओता. निर्णय कसलाच घ्यायचा नाही. पासबुकं एकीकडे, पॉलिसी एकीकडे, घराचे कागद एकीकडे, बाकी सगळं एका ढिगात. मधूनच भलतं काही निघेल. औषधाच्या दुकानाची पावती, जुन्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड, आणि कुठल्या तरी पाकिटाच्या पाठीवर बाबांच्या अक्षरात मांडलेला महिन्याचा हिशेब: दूध, गॅस, पेपर, खाली दोनदा रेघ मारून बेरीज. तिथे हात थांबेल. थांबू द्या. रडू आलं तर येऊ द्या. फक्त त्या वेळी उठू नका. अस्वस्थपणा चढतो, काही वेळ तसाच राहतो आणि मग आपण बसून राहिलो तर उतरतो. तो चढलेला असताना उठलात तर मन एवढंच शिकतं की पिशवी धोक्याची आहे आणि पळाल्यावर बरं वाटतं. उतरेपर्यंत बसलात तर ते दुसरं काही शिकतं. गजर लावून बसा, आणि गजर वाजला की कागद हातात असला तरी थांबा. शेवट ठरलेला असला की उद्या पुन्हा बसायची धास्ती राहत नाही.

उठण्याआधी एका चिठ्ठीवर पुढचं पाऊल लिहून पिशवीत सगळ्यात वर ठेवा. "बँकेचं काम" असं लिहू नका. ते पाऊल नाही, ते डोंगराचं नाव आहे. "ऑफिसहून येताना मृत्यूच्या दाखल्याच्या पाच झेरॉक्स" हे पाऊल. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं एवढं ठरवलं तरी घोळणं बरंचसं थांबतं, काम प्रत्यक्ष व्हायच्या आधीच. रात्री अंथरुणावर पडल्यावर पिशवी आठवणं त्या चिठ्ठीनं कमी होईल.

एकवीस दिवसांत सवय लागते असं कुणी सांगितलं असेल तर ते विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांना रोज एक नवी गोष्ट करायला सांगून १२ आठवडे नोंदी ठेवल्या. गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. त्याच अभ्यासात हेही दिसलं की एखादा दिवस चुकल्यानं सवयीचं फारसं बिघडत नाही. ही गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण हिरव्या खुणांची साखळी तुटली की अख्खं गेलं असं वाटणाऱ्यांपैकी तुम्ही असाल असा माझा कयास आहे. कुठल्या तरी सकाळी तुम्ही बसणार नाही. त्या दिवशी स्वतःला टाकून बोलू नका. पिचिल ज्यात होते असा २०१० चा एक अभ्यास कार्लटन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर झाला. पहिल्या परीक्षेच्या आधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. कारण उघड आहे. स्वतःला जितकं बोलाल तितकं ते काम आणखी नकोसं होतं, आणि नकोसं झालं की आणखी टाळलं जातं. तुमचं अडीच वर्षांचं बोलणं खाऊन झालंय. ते आता पुरे.

आईविषयी. "झालं का बाबू ते काम?" हा प्रश्न तुम्ही तगादा म्हणून ऐकता. दुसरी शक्यता मनात आणून बघा. बाबा गेल्यापासून घरात त्यांचा विषय कितीदा निघतो? कदाचित या प्रश्नाखेरीज तो काढायला तिला दुसरी वाटच उरली नसेल. तिला कागदांची काळजी असेलही, पण तुम्ही "करतो न" म्हणून उठून जाता तेव्हा दोन्ही विषय एकदमच मिटतात. पुढच्या वेळी ती विचारेपर्यंत थांबू नका. तुम्हीच सांगा, "आई, आज पासबुकं वेगळी केली. बाबांनी पाकिटावर लिहिलेला हिशेब सापडला, बघतेस?" हवं तर तिला त्या पंधरा मिनिटांत खुर्ची टाकून जवळ बसवा. कोणता कागद कधीचा, कोणत्या बँकेत कुणाच्या ओळखीनं खातं उघडलं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

बायको मदत करते म्हणते आणि तुम्ही करू देत नाही. मुलाचं कर्तव्य म्हणून तुम्ही हे धरून बसलात, त्यातली माया मला कळते. पण कर्तव्य म्हणजे प्रत्येक रांगेत स्वतः उभं राहणं असं कुणी सांगितलं? वाटून घ्या. पिशवी उघडणं आणि ताईशी बोलणं तुमच्याकडे. टॅक्सचा ऑनलाइन भरणा, फॉर्म डाउनलोड करणं, विमा कंपनीला काय काय कागद लागतात ते विचारणं तिच्याकडे. ज्या कामात तुमचा जीव अडकलेला आहे ते तुम्ही करा, जिथे फक्त वेळ लागतो तिथे दुसऱ्याचा हात घ्या. "मी करते" असं म्हणणारं माणूस घरात असताना एकट्यानं ओझं वाहण्यात तुमच्या बाबांचा मान काही वाढत नाही.

आणि तो एक्सेलचा कोर्स काढून टाका. खरंच. यादीतल्या प्रत्येक कामाला विचारा, हे मी कधीच केलं नाही तर कुणाचं काय अडेल? पिशवीला उत्तर आहे, शुगरला आहे, टॅक्सला आहे. कोर्सला नाही, तुमचं स्टोअर त्यावाचून व्यवस्थित चाललंय. पैसे गेले ते गेले. टाळलेल्या कामांत काही कामं अशी असतात की ती आपण घ्यायलाच नको होती, आणि ती यादीत राहून खऱ्या कामांवर सावली धरतात. पुढे कधी गरज पडली तर तेव्हा शिकाल.

याच धर्तीची पत्रं आणखीही येतात. गणिताचा एकच धडा सोडून बाकी सगळं पाठ असलेली मुलगी, इतवारीतले उधारी मागायला संकोचणारे दुकानदार, मैत्रिणीच्या मेसेजला वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून आता देताच न येणाऱ्या एक वहिनी. त्यांनाही माझं सांगणं हेच आहे, की आधी कामात कोणती भावना दडली आहे ती शोधा. लाज असेल तर पहिलं वाक्य कागदावर लिहून मगच फोन उचला. सुरुवात कुठून हेच कळत नसेल तर ते काम केलेल्या एकाला विचारा आणि फक्त पहिलं पाऊल विचारा. नुसताच कंटाळा असेल तर गाणी लावा आणि उरका, त्यात मन खणायची गरज नाही. वहिनींनी उशिराचं स्पष्टीकरण देत बसू नये. "तुझी आठवण आली" एवढं पुरतं.

पिशवी उघडल्यावर काही आठवड्यांनीही रडू आवरत नसेल, झोप, जेवण, कामातलं लक्ष यांच्यावर परिणाम होत असेल, तर ते चालढकलीच्या पलीकडचं आहे. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार विभागात जाऊन दाखवता येतं. अडीच वर्षं झाली, आता कसलं दुःख, असा हिशेब दुःखाला लावू नका.

शुगरची तपासणी मात्र पिशवीच्या रांगेत लावू नका, ती या आठवड्यात करा. बाबांचं आजारपण तुम्ही जवळून पाहिलंय, म्हणून लॅबच्या पायऱ्या चढवत नाहीत, हे समजतं. पण तपासणी केल्यानं शुगर होत नाही, असलेली फक्त कळते, आणि लवकर कळण्यातच तुमचा फायदा आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या तपासणीला (एचबीए१सी) उपाशीपोटी जावं लागत नाही, ऑफिसहून येतानाही रक्त देता येतं. त्यात ५.७ च्या खाली आकडा आला तर ठीक. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि तिथे वजन आटोक्यात ठेवल्यानं आणि रोज चालल्यानं तो पुष्कळ लांबवता येतो; तुमचं अंबाझरीचं चालणं इथे खरोखर उपयोगी पडणार आहे. ६.५ किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टर खात्री करून औषधाचं बघतील. एकट्यानं जायला जीव घाबरत असेल तर बायकोला सोबत न्या, तिचीही तपासणी त्याच वेळी करून घ्या, आणि रिपोर्ट दोघांनी मिळून उघडा.